बोर्डिंगांच्या नोंदवह्या रद्दीत जाऊ देऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात. २६ जूनला शाहू जयंतीच्या भाषणांत हे वाक्य हमखास ऐकू येते. पण ज्या बोर्डिंगांमुळे शहराला हा मान मिळाला, त्यांची जुनी दप्तरे कुठल्या अवस्थेत आहेत, याची विचारपूस कोणी करत नाही. त्यासाठी हे पत्र.

आजची मुले विचारतात, शाहू महाराजांनी प्रत्येक जातीचे वेगळे बोर्डिंग का काढले? प्रश्न रास्त आहे. महाराजांनी आधी १८९६ मध्ये सर्व जातींसाठी एकच वसतिगृह सुरू केले होते. काही वर्षांतच तिथे व्यवहारात फक्त ब्राह्मण विद्यार्थी उरले. मग १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. आधी खेड्यातला पोरगा शहरात टिकून शिकला पाहिजे, हा त्यामागचा रोख होता. दसरा चौकात उभे राहिले तर त्यातली काही बोर्डिंगे आजही नजरेच्या टप्प्यात येतात.

बोर्डिंगात राहिलेल्या प्रत्येकाने सिनिअरांच्या तोंडून भाऊरावांची गोष्ट ऐकलेली असते. जैन बोर्डिंगातला हा विद्यार्थी मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेला, परत आल्यावर 'शुद्धी'ची आंघोळ करायला त्याने नकार दिला आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. पुढे त्याच कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकाच छपराखाली, एकाच पंगतीत आणले. पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचेच नाव दिले गेले. मला तरी महाराष्ट्राच्या शिक्षणाच्या इतिहासात याहून मोठी गोष्ट दिसत नाही. ती प्रत्येक बोर्डिंगात थोडी वेगळी सांगितली जाते, आणि ते साहजिकच आहे. पण कर्मवीरांच्या मागेपुढे जी शेकडो साधी पोरे या खोल्यांतून राहून गेली, त्यांचे चरित्र कोणी लिहिलेले नाही. त्यांची नावे फक्त नोंदवह्यांत आहेत.

विद्यार्थी असताना अशी एक वही मी चाळली होती. पुठ्ठा कसरीने खाल्लेला, शाई तपकिरी झालेली. नाव, गाव, पालकाचा धंदा, फी माफ की अर्धी माफ, असे रकाने. एका नावापुढे शेरा होता : 'सुगीसाठी गावी गेला, परत आला नाही.' चार-पाच पाने उलटल्यावर, पुढच्या जूनच्या यादीत, तेच नाव पुन्हा होते. त्या मुलाला कोणी परत पाठवले असेल, त्यासाठी घरात काय विकले गेले असेल, याचा विचार आजही माझी पाठ सोडत नाही. ती वही नंतर इमारतीच्या रंगकामात इतर कागदांबरोबर रद्दीत गेली. ते बोर्डिंग कोणते, याला महत्त्व नाही. असे कुठेही होऊ शकते, म्हणून लिहितो आहे.

शिवाजी विद्यापीठात राजर्षी शाहूंवर संशोधन करणारे केंद्र आहे, बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. त्यांनी बोर्डिंगांच्या विश्वस्तांना भेटून प्रवेश नोंदवह्या, भोजनखर्चाच्या वह्या आणि जुने ग्रुप फोटो स्कॅन करून घ्यावेत. मूळ प्रती बोर्डिंगांकडेच राहू द्याव्यात, म्हणजे विश्वस्तांनाही धास्ती वाटणार नाही. अलीकडच्या काळातल्या विद्यार्थ्यांची जात आणि घरची परिस्थिती मात्र उघड होता कामा नये, त्यासाठी काही वर्षांची अट घालावी. याच कामात ऐंशीच्या घरातल्या माजी विद्यार्थ्यांच्या आठवणीही ध्वनिमुद्रित करता येतील. इतिहासाच्या एम.ए.च्या मुलांना प्रकल्प म्हणून हे काम देण्यासारखे आहे.

वसतिगृहांची रंगरंगोटी आणि दुरुस्ती उन्हाळ्याच्या सुट्टीत निघते आणि कपाटे रिकामी होतात ती तेव्हाच. विद्यापीठाचे पत्र बोर्डिंगांच्या रेक्टरांकडे त्याआधी पोहोचायला हवे.

आपला,
एक माजी बोर्डर, कोल्हापूर