शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: आमच्या ग्रंथालयाचे छप्पर

मा. शिक्षणमंत्री,
गोवा राज्य.

महोदय, सादर नमस्कार.

सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी हायस्कुलात मी 22 वर्षे ग्रंथपाल आहे. परवा रात्रीच्या पावसात ग्रंथालयाचे छप्पर गळले आणि कथा-कादंबऱ्यांचे अख्खे कपाट भिजले. पाठीवर 891.463 हा मराठी कथा-कादंबऱ्यांचा वर्गीकरण क्रमांक मी स्वतः लिहून चिकटवलेली पुस्तके होती ती. चारशे तरी असतील, मोजायला अजून सवड झालेली नाही.

पावसाआधी छप्पर शाकारून देतो, असा शब्द आम्हाला मिळाला होता. गेल्या 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, एका अधिकाऱ्यांनी भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला आणि माझ्या टेबलाशी चहा घेताना तो शब्द दिला. त्यानंतर मी तीन अर्ज केले, तिन्हींची पोच माझ्याकडे आहे. एप्रिलमध्ये कुणीतरी येऊन मोबाइलवर फोटो काढून गेले. मे सरला. सत्तरीचा पाऊस कसा कोसळतो ते मी आपल्याला सांगायला नको.

पुस्तक भिजले की काय होते ते मात्र सांगते. साध्या कागदाचे असेल तर वाचवता येते. पानापानांत वर्तमानपत्राचा कागद घालायचा, पंख्याखाली उभे करायचे, कागद ओला झाला की बदलायचा. लहान मुलांची चित्रांची पुस्तके गुळगुळीत कागदाची. ती वाळताना पाने एकमेकांना घट्ट धरतात आणि पुस्तकाची वीट होते. उघडायला गेले की चित्राची साल निघते. अशा साठ-पासष्ट विटा आज माझ्या टेबलावर आहेत.

आणि वाळवायला हात कुणाचे? शाळा सुरू झाली की ग्रंथपालाला ग्रंथालय सोडून सगळीकडे जुंपतात. मोफत पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे माझ्याच खोलीत पडतात, कारण दुसरी खोली रिकामी नाही. ते मोजा, इयत्तावार लावा, सह्या घ्या, गणिताची कमी पडली म्हणून फोन करा. यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची, माहिती भरायला मी, अपार आयडीची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ओळख क्रमांकाची, पालकांची संमतीपत्रे गोळा करायला मी, रजेवरच्या टीचरच्या वर्गावरही मीच. शिपाई निवृत्त होऊन तीन वर्षे झाली, जागा तशीच आहे. कमरेला पट्टा बांधून गठ्ठे मी उचलते. पुस्तकांची दाखल नोंदवही रात्री घरी नेऊन लिहिते. गेल्या पंधरवड्यात ग्रंथालय मुलांसाठी उघडले ते दोनदाच, तेही मधल्या सुट्टीत. मुलाने विचारले, आई, तुला पगार नेमका कशाचा मिळतो? मला उत्तर सुचले नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही, महोदय.

पाचवीत नवी आलेली एक मुलगी रोज दाराशी येऊन उभी राहते. तिच्या प्राथमिक शाळेत कपाटाला कायम कुलूप असायचे. काल तिने ओल्या ढिगातले एक पुस्तक उचलले आणि म्हणाली, "टीचर, हें सुकले उपरांत म्हाका दितल्यात?" तिच्या हातात होती त्या विटांपैकीच एक. मी हो म्हटले.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि तिथे वर्तमानपत्रे, मासिके, गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असतील. छप्पर वेगळे लिहायची गरज कायदा करणाऱ्यांना वाटली नसावी. 1556 साली जुन्या गोव्यात छापखाना आला, 1832 साली पणजीत सार्वजनिक ग्रंथालय सुरू झाले, हे प्रत्येक भाषणात आम्ही ऐकतो. पणजीत पाटोवरचे मध्यवर्ती ग्रंथालय खरेच देखणे आहे, मी मुलांना तिथे नेऊन आणले आहे. पण सत्तरीतल्या पोराने रोज तिथे जायचे कसे? महोत्सवांचे मांडव रातोरात उभे राहतात. शाळेच्या चार कौलांना मात्र अंदाजपत्रक लागते, मग निविदा, मग मंजुरी, आणि मंजुरी येईतो मृग बरसून जातो. गोव्याच्या राजभाषेचा कायदा 1987 साली झाला, तरी मराठी-कोंकणीचे भांडण अजून मिटत नाही. माझ्या कपाटात दोन्ही भाषांची पुस्तके शेजारीशेजारी होती, दोन्ही भिजली. त्यासाठी एकही मोर्चा निघालेला मी पाहिला नाही.

चतुर्थीच्या सुट्टीत तरी छप्पर नीट करून द्या. पाठ्यपुस्तकांना वेगळी खोली द्या, शिपायाची जागा भरा. आणि पाचवीचा ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात आहे, तो मला घेऊ द्या.

येत्या 12 ऑगस्टला पुन्हा कुणाला पाठवणार असाल, तर दुरुस्तीची वर्क ऑर्डर त्यांच्या हाती द्या. तोवर कपाटावर ताडपत्री घातली आहे. ती माझ्या घरची आहे.

आपली,
एक शाळा ग्रंथपाल, सत्तरी