नटाचा आवाज नटाचाच राहू द्या

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत एका अभिनेत्याच्या पहिल्यावहिल्या अल्बमचं परीक्षण वाचलं. निम्मी जागा त्याच्या चित्रपटांनी घेतली होती, उरलेली त्याच्या फोटोने आणि कपड्यांनी. गाण्यांच्या वाट्याला शेवटचं एक वाक्य आलं : ‘नटाच्या मानाने बरा गातो.’ ते वाक्य मनाला फार लागलं. बावीस वर्षं मी ध्वनिमुद्रणाचं काम करतो आणि गाणारे नट काचेच्या अलीकडून जवळून पाहिले आहेत.

एक प्रसंग सांगतो. एका नटाचं गाणं चाललं होतं. अंतऱ्यातल्या वरच्या सुराशी तो सहा टेक झगडला. सातव्या टेकला त्याने सुराच्या मागे धावणं सोडलं आणि ती ओळ जवळजवळ बोलला. शेवटच्या अक्षरावर आवाज कातर झाला, मग एक श्वास ऐकू आला. अलीकडे आम्ही तिघं होतो, कुणी काही बोललंच नाही. मी वहीत त्या टेकभोवती गोल केला. अल्बम बाजारात आला तेव्हा ती ओळ पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सुरात बसवलेली होती, श्वाससुद्धा कापलेला. ‘लोक म्हणतील, याला गाता येत नाही,’ ही निर्मात्याची भीती. पण आता तो आवाज कुणाचाही वाटतो, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

सूर दुरुस्त करणारं ‘ऑटो-ट्यून’ 1997 मध्ये आलं. त्याआधी हा मोह एवढा सोपा नव्हता. आयरिश अभिनेते रिचर्ड हॅरिस यांनी 1968 मध्ये जिमी वेब यांची गाणी घेऊन ‘अ ट्रॅम्प शायनिंग’ हा अल्बम केला. त्यातलं ‘मॅकआर्थर पार्क’ सात मिनिटांहून मोठं आहे. वरच्या पट्टीत हॅरिस यांची ओढाताण स्पष्ट ऐकू येते, आणि बागेचं नाव ते ‘मॅकआर्थर्स’ असं चुकीचं गातात. ती चूक तशीच राहिली आणि गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. मी ते ऐकतो तेव्हा एक माणूस कोलमडताना दिसतो. हे नटच करू जाणे.

आणि आपल्या मीनाकुमारी! पडद्यावर त्यांच्यासाठी लताबाई गायल्या, पण 1971 च्या ‘आय राइट, आय रिसाइट’ या अल्बममध्ये स्वतःची शायरी त्यांनी स्वतःच्याच आवाजात म्हटली. संगीत खय्याम यांचं. दोन शब्दांमधली जागा किती ठेवायची, हे त्या बाईंना जसं कळत होतं तसं भल्याभल्या गायकांनाही कळत नाही. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. त्या आवाजावर कुणी इस्त्री फिरवली असती तर आपल्या हाती काय उरलं असतं?

नट गातो तेव्हा भोवती कोण आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. ब्रिटिश अभिनेते ह्यू लॉरी यांच्या 2011 च्या ‘लेट देम टॉक’ या अल्बमचे निर्माते जो हेन्री होते, फुंकवाद्यांची रचना ॲलन टूसां यांची. पहिल्याच गाण्यात लॉरी बराच वेळ नुसता पियानो वाजवतात, गायला नंतर सुरुवात करतात. आवाज साधाच आहे, थोडा कोरडा, पण तो तसाच ठेवलाय. उलट हॉलिवूड अभिनेत्री स्कार्लेट योहानसन यांच्या 2008 च्या अल्बममध्ये वाद्यांच्या धुक्यात त्यांचा आवाज मला शोधावा लागतो. डेव्हिड बोवी यांच्यासारखा गायक साथीला असूनही.

म्हणून विनंती अशी की, नटाच्या अल्बमवर लिहिताना त्याची कीर्ती थोडी बाजूला ठेवावी. आवाज मोकळा ठेवलाय की झाकलाय, शब्द कसे टाकलेत, संगीत संयोजन कुणाचं आहे, हे वाचकांना सांगावं. वादकांची नावं तर छापावीतच, ती माणसं दिवसदिवस राबलेली असतात. तुम्ही परीक्षण छापलेल्या त्या अल्बममधल्या तिसऱ्या गाण्यात फार सुंदर बासरी आहे. ती कुणी वाजवली आहे, हे कृपया पुढच्या अंकात छापावं.

आपला,
एक ध्वनिमुद्रक