ब्लॉक जपणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजिस्टची सही असते. लॅबमध्ये तपासणीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून कापणाऱ्या तुम्हा टेक्निशियनचं नाव त्यावर कुठेच येत नाही, म्हणून हे उघड पत्र.

ब्रॉन्कोस्कोपीतून (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) येणारा तुकडा जेमतेम २ मिलिमीटरचा, तांदळाच्या कणीएवढा. कॅन्सर कोणत्या प्रकारचा, ईजीएफआर, एएलके, आरओएस-१ या जनुकांत बदल आहे का, पीडी-एल१ हे प्रथिन किती टक्के ट्यूमर पेशींवर आहे, हे सगळं त्या कणीतूनच काढायचं. ब्लॉक मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर, चढवला की पृष्ठभाग सपाट होईपर्यंतची सेक्शनं (काप) वायाच जातात. आज एच अँड ई (नेहमीचं रंगवणं), परवा आयएचसी (ठरावीक प्रथिनं दाखवणारं रंगवणं), पुढच्या आठवड्यात जनुक तपासणी असा तीनदा चढवला, तर कणी ट्रिमिंगमध्येच, त्या सपाट करण्यातच, संपते. तुम्ही एकाच बैठकीत ४ मायक्रॉनची सगळी अनस्टेन्ड (न रंगवलेली) सेक्शनं कापता, स्लाइडवर क्रमांक आणि तारीख घालता. शेवटची पुन्हा एच अँड ई करता, कारण खाली जाता जाता ट्यूमर संपलेला असू शकतो. पीडी-एल१ ला किमान १०० जिवंत ट्यूमर पेशी लागतात.

ब्लॉक बदलला की नवं ब्लेड, आणि वॉटर बाथच्या पाण्यावरून टिश्यू पेपर फिरवलेला. दुसऱ्या पेशंटची इवलीशी पापडी चिकटली तरी पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून पाहणारी तपासणी) ती पकडतं आणि भलत्याच माणसाला भलतीच गोळी सुरू होऊ शकते. ही काळजी कुणाला दिसत नाही. आम्हाला ती फार मोलाची वाटते.

तुकडा टिकवून ठेवणाऱ्या फॉर्मलिनचंही तसंच. १० टक्के न्यूट्रल बफर्ड, तुकड्याच्या किमान दहापट, ६ ते ४८ तास. शनिवारचा नमुना सोमवारपर्यंत पडून राहू नये, विसर्जनाला रस्ते बंद व्हायच्या आत तो प्रोसेसिंगला लागावा, हे तुम्ही पाहता. हाडाचा तुकडा असेल तर आम्लाऐवजी ईडीटीए या सौम्य रसायनात मऊ करता. आम्लाने डीएनएचा चुरा होतो. टीबी कल्चरचा तुकडा फॉर्मलिनमध्ये नव्हे, सलाइनमध्येच आहे ना, हेही तपासता.

रक्तात ट्यूमरचा डीएनए शोधणाऱ्या लिक्विड बायोप्सीतही साध्या ईडीटीए नळीतला प्लाझ्मा (रक्ताचा पेशींविना द्रव भाग) काही तासांतच वेगळा करता. उशीर झाला की पांढऱ्या पेशी फुटतात आणि त्यांच्या डीएनएत ट्यूमरचा डीएनए बुडून जातो. ही तपासणी निगेटिव्ह आली, की आम्ही पुन्हा तुमच्या ब्लॉककडेच वळतो.

तुकडा किती वाजता काढला आणि फॉर्मलिनमध्ये कधी टाकला, हे तुम्ही दर वेळी फोन करून विचारता. यापुढे दोन्ही वेळा फॉर्मवर लिहून येतील.

मनापासून आभार.

आपले,
पुण्यातील छातीविकारतज्ज्ञ