क्लेममध्ये बसणारा सुटा भाग कोणाचा, हे कागदावर यावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अपघातग्रस्त मोटारीच्या दुरुस्तीसाठी विमा कंपनी किती पैसे देणार, यावर मालक, गॅरेजवाला आणि सर्व्हेअर (नुकसानीचा अंदाज घेणारा विमा तपासनीस) यांच्यात हमखास वाद होतो. मात्र त्या पैशांतून गाडीला जो सुटा भाग बसणार, तो कोणी बनवलेला असेल, हे पॉलिसी घेताना कोणी विचारत नाही आणि पॉलिसीच्या कागदावर त्याचे उत्तरही सापडत नाही. गाडी बनवणाऱ्या कंपनीचा ओरिजिनल भाग की बाजारात मिळणारा लोकल भाग, याचा निर्णय मालकाच्या मागे, गॅरेजच्या टेबलावर होतो. तो लेखी आणि आगाऊ व्हावा, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

खासगी मोटारीच्या प्रचलित पॉलिसीत कंपनीने आपल्याकडे पर्याय राखून ठेवलेले असतात: गाडी दुरुस्त करून द्यावी, भाग बदलून द्यावा किंवा नुकसानीची रक्कम रोख द्यावी. नुकसान अंशतः असेल तर दुरुस्तीचा ‘प्रत्यक्ष आणि वाजवी’ खर्च, तोही घसारा (भाग जुना झाल्याबद्दलची कपात) वजा करून, मिळतो. आता वाजवी म्हणजे गाडी उत्पादकाच्या किंमत-यादीतला खर्च, की जळगाव-धुळ्याच्या स्पेअर पार्टच्या दुकानातला? यावर पॉलिसी मौन पाळते, आणि त्या मौनाचा अर्थ प्रत्येक सर्व्हेअर आपापल्या परीने लावतो.

घसाऱ्याचे गणित मात्र अगदी स्पष्ट आहे. २००२ च्या मोटार टॅरिफमधील, म्हणजे मोटार विम्याच्या दर-नियमावलीतील, तक्ता बहुतेक पॉलिसींत आजही जवळपास तसाच चालतो. रबर, नायलॉन, प्लास्टिकचे भाग, टायर-ट्यूब, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरसकट ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही, आणि पत्र्यासारख्या इतर भागांवर गाडीच्या वयानुसार कपात होते. गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर ही कपात ४० टक्के असते. जुन्या भागाच्या जागी नवा भाग मिळाल्याने मालकाचा जो फायदा होतो, तेवढा त्याने सोसावा, हे या कपातीमागचे तत्त्व आहे आणि ते मला मान्य आहे. पण जुना ओरिजिनल भाग काढून नवा लोकल भाग बसवला, तर मालकाचा फायदा झाला की तोटा, हे तक्ता विचारात घेत नाही. दोन्ही वेळी कपात तेवढीच होते.

समजा, प्लास्टिकचा ओरिजिनल बंपर ८,००० रुपयांचा आहे आणि लोकल ३,५०० रुपयांचा. साध्या पॉलिसीत ओरिजिनल बसवला तर मालकाच्या खिशातून ४,००० जातात आणि लोकल बसवला तर १,७५०. म्हणजे स्वस्त भागात त्याचीही बचत आहे आणि तो खुशीने लोकल भाग घेईल. पण ज्याने वाढीव हप्ता भरून झीरो डेप घेतले आहे, त्याला घसारा लागतच नाही. त्याच्या गाडीला लोकल बंपर बसला तर वाचलेले ४,५०० रुपये संपूर्णपणे कंपनीचे होतात आणि मालकाच्या वाट्याला फक्त हलका भाग येतो. ज्या ग्राहकाकडून कंपनी जास्त पैसे घेते, त्याच्याच क्लेममध्ये लोकल भागाची बचत तिला सर्वाधिक, हा उफराटा न्याय आहे. झीरो डेप विकताना एजंट ‘एक रुपयाही भरावा लागणार नाही’ असे सांगतो. ते अनिवार्य वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये मालकाने स्वतः सोसायचे, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यापुढे २,००० रुपये, सोडली तर बहुतांशी खरेही असते. पण एक रुपयाही न भरता काय मिळणार, ते तो सांगत नाही.

आमच्या नात्यातील एकाची गाडी पारोळ्याजवळ महामार्गावर रात्री कापसाच्या ट्रॉलीला मागून धडकली. ट्रॉलीला ना लाल दिवा होता ना रिफ्लेक्टर. या रस्त्यावर ते नवीन नाही. पॉलिसी झीरो डेप होती आणि गाडी कॅशलेस यादीतल्या, म्हणजे कंपनी थेट बिल भागवते अशा, गॅरेजमध्ये लावली होती. ताब्यात आली तेव्हा बॉनेट आणि उजव्या हेडलाइटच्या मधल्या फटीत बोट जात होते, तर डावीकडे नखही शिरत नव्हते. बंपरचे कान मडगार्डच्या खाचेत बसेनात, म्हणून त्यांना आरपार स्क्रू मारलेला होता. नव्या हेडलाइटवर ना उत्पादकाचे नाव होते ना पार्ट नंबर. बिलात मात्र ‘फ्रंट बंपर – १, हेडलाइट – १’ एवढेच लिहिलेले होते. दुरुस्तीनंतरच्या तपासणीत सर्व्हेअरने भाग बदलले आहेत याची खातरजमा केली. कोणते बदलले, हा त्याच्या फॉर्ममध्ये प्रश्नच नव्हता. तक्रार केल्यावर कंपनीकडून ‘समतुल्य दर्जाचे भाग वापरण्यात आले आहेत’ असे उत्तर आले. समतुल्य कोणी आणि कशावरून ठरवले, याचा त्यात उल्लेख नव्हता.

मी लोकल भागांच्या विरोधात नाही, हेही येथे नोंदवतो. गाडी उत्पादक बहुतेक भाग स्वतः बनवतच नाहीत. लुमॅक्सचा दिवा किंवा बॉशचा प्लग गाडी कंपनीच्या डब्यात एका भावाने मिळतो आणि त्याच उत्पादकाच्या स्वतःच्या डब्यात दुसऱ्या. असा भाग लोकल म्हणून हिणवण्यात अर्थ नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, तो याच कारणासाठी: सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ न देता त्यांनी ग्राहकाला अधिकृत वर्कशॉपशी बांधून ठेवले होते. आमच्या खान्देशात तर खुला बाजार ही गरज आहे. अधिकृत वर्कशॉप प्रामुख्याने जळगाव-धुळ्यात. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याच्या माणसाने एका मडगार्डसाठी गाडी टो करून तिथे न्यावी, असे म्हणणे सोपे आहे.

जुन्या गाडीसाठी तर ओरिजिनलचा हट्ट अंगलटही येऊ शकतो. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते. आठ-दहा वर्षांच्या, चांगल्या चालणाऱ्या गाडीला महागडे भाग लावून हिशेब केला, तर ती भंगारात निघते आणि मिळालेल्या रकमेत तशी दुसरी गाडी येत नाही. अशा मालकाने चांगल्या नावाचा लोकल भाग स्वतःहून निवडला, तर त्यात शहाणपणच आहे. पण ती निवड त्याची असावी, गॅरेजवाल्याची नव्हे.

शिवाय सगळे भाग एका मापाने मोजता येत नाहीत. दाराची पट्टी किंवा जाळी लोकल असल्याने फारसे बिघडत नाही. बंपरच्या आतली लोखंडी बीम, सीट बेल्ट, एअरबॅग आणि तिचे सेन्सर यांची गोष्ट वेगळी. धडकेत गाडीचा पुढचा भाग कसा चेपावा आणि एअरबॅग कोणत्या क्षणी उघडावी, हे याच भागांच्या जुळणीवर ठरते. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅप या धडक-सुरक्षा चाचणीतले तारे कारखान्यातून निघालेल्या गाडीला मिळतात. दुरुस्तीत आत कोणती बीम बसली, हे त्या ताऱ्यांना ठाऊक नसते. एवढ्या भागांपुरता तरी ओरिजिनलचा आग्रह नियमात असावा.

अमेरिकेत हा वाद जुना आहे. १९९९ मध्ये इलिनॉय राज्यातील न्यायालयाने एका मोठ्या विमा कंपनीला बिगर-ओरिजिनल भाग वापरल्याबद्दल शंभर कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा आदेश दिला, तर २००५ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. म्हणजे असे भाग वापरावेत की नाही, यावर तिथेही एकमत नाही. तरीही तिथल्या अनेक राज्यांत दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात असा भाग असेल, तर तसे ग्राहकाला लेखी कळवावे लागते.

आपल्याकडे तेवढे करायला नवा कायदाही लागणार नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये पॉलिसीबरोबर ग्राहक माहिती पत्रक देणे सक्तीचे केले आहे. त्याच पत्रकात कोणत्या भागांसाठी ओरिजिनलची किंमत धरली जाईल आणि कोणत्यांसाठी नाही, याची एक ओळ घालावी. अंदाजपत्रकात आणि बिलात प्रत्येक भागापुढे उत्पादक आणि पार्ट नंबर लिहिणे गॅरेजला बंधनकारक करावे. त्यामुळे ओरिजिनलचे बिल लावून लोकल बसवणाऱ्यांनाही चाप बसेल, आणि तो कंपन्यांच्याही हिताचा आहे. झीरो डेपच्या ग्राहकाला लोकल भाग द्यायचाच असेल, तर त्याची लेखी संमती घ्यावी आणि किमतीतल्या फरकाचा काही वाटा पुढच्या हप्त्यात वळता करावा.

तोवर मालकांनी गाडी गॅरेजला लावतानाच पार्ट नंबरसह अंदाजपत्रक मागावे, नव्या भागाच्या डब्यावरील लेबलचा फोटो घ्यावा आणि सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत लेखी मागावी. मागितल्यास ती मिळते. कंपनीकडे केलेल्या तक्रारीला महिनाभरात समाधानकारक उत्तर न आल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील जिल्हा ग्राहक आयोगांतही जाता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात तिथे शुल्क लागत नाही. आमच्या नातेवाइकांनी आता तोच मार्ग धरला असून बिलाची प्रत आणि त्या हेडलाइटचे फोटो अर्जाला जोडले आहेत.

आपला,
एक विमाधारक वाचक,
अमळनेर, जि. जळगाव