एफवायच्या मुलांना वाचायला शिकवा, पण वेगळ्या वर्गात बसवून नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अॅडमिशनचे दिवस आले की पेपरात कटऑफच्या बातम्या येतात, कुठलं कॉलेज किती टक्क्यांना बंद झालं वगैरे, पण अॅडमिशन मिळाल्यावर पहिल्या वर्षाला त्या मुलांचं काय होतं यावर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी पुण्यातल्या एका कॉलेजात एफवायला अर्थशास्त्र शिकवते. वर्गात जुन्नर-आंबेगावची, बीड-लातूर-नांदेडची मुलं असतात, पेठांमधे कॉट बेसिसवर राहतात, काही कमवा व शिका मधे काम करतात. मेहनतीत कुठेही कमी नाहीत. पण यातल्या बऱ्याच जणांना पुस्तकाचं एक पान वाचून त्यात काय म्हटलंय ते सांगता येत नाही, आणि हे त्यांना शिकवणं आपलं काम आहे असं बारावीपर्यंतही कोणाला वाटत नाही आणि कॉलेजातही नाही.

मागणीचा नियम घ्या. पुस्तकात वाक्य असतं, इतर परिस्थिती स्थिर असताना किंमत वाढली की मागणी घटते. मुलं हे घडाघडा म्हणतात. मग मी विचारते की सोनं एवढं महागलं तरी दसऱ्याला लक्ष्मी रोडला सराफांकडे गर्दी का होते, तर कितीतरी जण म्हणतात मॅडम मग नियम चुकीचा आहे. कारण "इतर परिस्थिती स्थिर असताना" हा तुकडा डोळ्याखालून गेलेला असतो पण डोक्यात शिरलेलाच नसतो. लोकांचं उत्पन्न वाढलंय का, भाव अजून चढेल असं वाटतंय का, मुहूर्त आहे का, घरात लग्न आहे का, हे सगळं त्या चार शब्दांत आहे आणि परीक्षेत प्रश्नही नेमका त्यावरच येतो. हे वाक्य मराठीत आहे बरं का. इंग्लिश मीडियमच्या डिव्हिजनला अदर थिंग्ज बीइंग इक्वल वाचून मुलं इक्वलचा अर्थ लावत बसतात ते वेगळंच. त्यामुळे "इंग्लिश कच्चं आहे, स्पीकिंगचा क्लास लावा" हे जे सगळे सांगतात ते मला पटत नाही. बोलता आलं म्हणून धडा वाचता येतो असं होत नाही.

असर या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीचा २०२३ चा रिपोर्ट १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता, २६ राज्यांतले २८ ग्रामीण जिल्हे, आपल्याकडचा नांदेड. त्यात साधारण २५ टक्के मुलांना स्वतःच्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही, आणि त्याच वयोगटातल्या ८६.८ टक्के मुलांचं नाव कुठल्या ना कुठल्या शाळा-कॉलेजात होतं. म्हणजे ही शाळा सोडलेल्या मुलांची गोष्ट नाही, यातलीच मुलं उद्या आमच्या बाकावर येतात.

यावर स्टाफरूममधे नेहमी एक उपाय निघतो की सुरवातीलाच टेस्ट घ्या आणि कच्च्या मुलांचा वेगळा वर्ग काढा. ते करू नका असं मला कळकळीने सांगायचंय, कारण हे अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांनी वर्षानुवर्षं करून पाहिलंय. ही दोन वर्षांची कॉलेजं, प्रवेश जवळपास सगळ्यांना खुला, मग आल्या आल्या प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या पातळीच्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी, त्यात मार्क कमी पडले की डेव्हलपमेंटल रीडिंगचा, म्हणजे कच्च्या मुलांसाठी वाचनाचा कोर्स, कधी एकावर एक असे दोन-तीन कोर्स. फी भरायची, तास करायचे, पण ते क्रेडिट डिग्रीत धरत नाहीत. झालं काय, तर मुलं त्या पायऱ्यांवरच गळायला लागली, मुख्य विषयाच्या वर्गापर्यंत पोचलीच नाहीत. नापास झाली असंही नाही, बरीच जण एक कोर्स पास होऊन पुढच्याला नावच घालायची नाहीत. शेवटी फ्लोरिडाने २०१३ मधे कायदा करून बहुतेक मुलांसाठी हे कोर्स ऐच्छिक केले, कॅलिफोर्नियाने २०१७ मधे एबी ७०५ नावाचा कायदा केला की मुलाला एका वर्षात कॉलेज पातळीचं इंग्रजी आणि गणित पुरं करता येईल अशाच वर्गात बसवा.

पण नुसतं वरच्या वर्गात बसवून सोडून दिलं तरी ते मूल बुडणारच. म्हणून मला अमेरिकेतल्याच बाल्टिमोर काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी २००७ मधे सुरू केलं ते असं, की कच्ची ठरलेली मुलं पहिल्या वर्षाच्या नेहमीच्या इंग्रजीच्या वर्गातच बसवायची आणि त्यातल्या आठ-दहा जणांना त्याच शिक्षकाने आणखी एक जोडतास द्यायचा. त्या तासात त्याच वर्गाचं काम करायचं, वेगळा सिलॅबस नाही. काही कॉलेजांत सायकॉलॉजीच्या पहिल्या पेपरला असाच वाचनाचा कोर्स जोडतात. मूल मागे पडत नाही आणि मदतही मिळते.

आपल्याकडे हे अर्थशास्त्राला, अकाउंटला, राज्यशास्त्राला का होऊ नये? नवीन शैक्षणिक धोरणात एईसी (एबिलिटी एन्हान्समेंट कोर्स) म्हणून भाषेचे क्रेडिट आलेत, पण त्यात परत पत्रलेखन आणि व्याकरण. त्यातला एक भाग मुलांच्या स्वतःच्या विषयाचं पुस्तक वाचण्यासाठी ठेवा. शिकवायचं काय हेही माहिती आहे. धडा आधी वरवर चाळायचा, हेडिंगचा प्रश्न करायचा, मग वाचायचं, पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दात सांगायचं, नंतर उजळणी, ही एसक्यूथ्रीआर पद्धत फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी १९४० च्या दशकात मांडली. त्यात "परंतु", "त्यामुळे", "असे असले तरी" या शब्दांपाशी थांबायला शिकवा, लेखक तिथेच वळण घेतो. माझ्या वर्गात मुलं पूर्ण पुस्तक विकतच घेत नाहीत, गाईड आणि झेरॉक्स नोट्सवर सगळं चालतं, तेव्हा आधी पुस्तक हातात तरी येऊ दे.

अडचण पैशाची आहे हे मला माहिती आहे. डिव्हिजनला शंभरच्या वर मुलं आणि शिकवणारे बरेचसे तासिका तत्त्वावरचे, ज्यांना फक्त घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात. त्यांनी हा जोडतास फुकट घ्यावा अशी अपेक्षा कोणी करू नये. विद्यापीठाने तो वर्कलोडमधे धरावा, टाइमटेबलवर लावावा, आणि तो कॉलेजच्या वेळातच असावा, कारण संध्याकाळी आमची निम्मी मुलं कामावर असतात.

आपली,
एक प्राध्यापिका, पुणे ३०