विंगरचे मोल गोलांच्या रकान्यात सापडत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हॉकी इंडिया लीगमध्ये कोणाला कायम ठेवायचे आणि कोणाला सोडायचे याची चर्चा सुरू झाली, की पहिली कुऱ्हाड विंगरवर, म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणाऱ्या आघाडीपटूवर पडते. ‘एका सामन्यात दोन गोल, पुढचे चार सामने गायब’ हा ठरलेला शेरा. ज्या कागदावरून तो मारला जातो, त्यावर विंगरचे निम्मे काम लिहिलेलेच नसते, म्हणून हे पत्र.

पॅरिस ऑलिंपिक घ्या. भारताने ८ सामन्यांत १५ गोल केले, त्यातले १० एकट्या बचावपटू हरमनप्रीत सिंगचे, पेनल्टी कॉर्नर आणि पेनल्टी स्ट्रोकवरचे. आघाडीच्या फळीच्या नावावर चारच: अभिषेकचे दोन, मनदीप आणि सुखजीतचा एकेक. नुसते गोल मोजले तर कांस्यपदक घेऊन आलेली अख्खी आघाडी नापास ठरते! पण पेनल्टी कॉर्नर आपोआप मिळत नाही. कोणीतरी बाजूने मुसंडी मारून डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात शिरतो, बचावपटूला चुकायला लावतो, चेंडू त्याच्या पायाला लागतो, तेव्हा पंच कॉर्नर देतात. गुणपत्रिकेवर नाव मात्र त्या कॉर्नरवर ड्रॅगफ्लिक (चेंडू काठीने ओढून फेकण्याचा फटका) मारणाऱ्याचे लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये बंगाल टायगर्सने हैदराबाद तूफान्सला ४-३ हरवून लीग जिंकली, त्यात ड्रॅगफ्लिकर जुगराज सिंगची हॅट्ट्रिक होती. ते कॉर्नर कोणी मिळवून दिले, हे किती जणांना आठवते?

तेव्हा निर्णयाआधी मोसमातल्या सगळ्या सामन्यांचे पूर्ण चित्रण बघावे. निवडक क्षणांची फीत अजिबात नको, तिच्यात प्रत्येक विंगर चांगलाच दिसतो. वहीत पाच खुणा पुरतात: चेंडू घेऊन किंवा पास देऊन डीमध्ये किती वेळा प्रवेश झाला, कॉर्नर किती मिळवले, गोलवर फटके किती, चेंडू कुठे गमावला आणि गमावल्यावर पुढच्या पाच सेकंदांत त्याने काय केले. शेवटची खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समोरच्या २३ मीटरच्या पट्ट्यात चेंडू गेला तर फार बिघडत नाही. तोच मध्यरेषेवर गेला आणि विंगर कमरेवर हात ठेवून उभा राहिला, की त्याच्या मागे खेळणारा मधल्या फळीतला आपला खेळाडू, म्हणजे हाफ, उघडा पडतो आणि प्रतिहल्ला थेट डीपर्यंत येतो.

गोलांचा आकडा फसवा असण्याचे आणखी एक कारण म्हणजे मोसम छोटा असतो. दहा सामने आणि सामन्याला दोन फटके धरले, तर होतात वीस. त्यातले दोन गोलखांबाला लागून आत गेले की खेळाडू ‘फॉर्मात’, बाहेर गेले की ‘बेभरवशाचा’. फटके आणि डीमधले प्रवेश दर सामन्याला सारखे येत असतील, तर त्याचा खेळ स्थिर आहे. चढउतार फक्त निकालात आहेत.

बाजूही बघायला हवी. उजव्या विंगरची धाव बचावपटूच्या डाव्या, म्हणजे रिव्हर्स स्टिकच्या (काठी उलटी करून खेळाव्या लागणाऱ्या) बाजूने जाते आणि त्याला स्वतःला फोरहँडने सरळ क्रॉस देता येतो. डाव्या विंगरसमोरचा बचावपटू फोरहँडने भक्कम टॅकल करतो, शिवाय क्रॉससाठी याला रिव्हर्स हिट तरी मारावी लागते नाही तर आत वळावे लागते. दोघांना एकाच मापाने मोजणे हा सरळ अन्याय आहे, आणि तो सर्रास होतो. मोसमाच्या मध्यात बाजू बदललेल्या खेळाडूचे आकडे तर वेगळेच मांडायला हवेत.

मग प्रश्न रसद कुठून येते याचा. विंगर दोन-दोन मिनिटे चेंडूला स्पर्शही करत नसेल, तर आधी त्या बाजूच्या हाफकडे बघा. तो चेंडू विंगरच्या पुढच्या मोकळ्या जागेत देतो की थेट पायाशी? पायाशी आलेला चेंडू घ्यायचा तर विंगरला पाठ गोलकडे करावी लागते आणि त्याचा वेग तिथेच संपतो. हाफ बदलल्यावर विंगर ‘सुधारतो’ तो यामुळेच.

सोडावे केव्हा? चौथ्या क्वार्टरमध्ये परतीची धाव बंद पडते, बदली करून विश्रांती दिली तरी तेच होते आणि हे बलाढ्य व दुबळ्या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांसमोर दिसते, तेव्हा. मात्र त्याआधी फिजिओकडून मांडीच्या मागच्या स्नायूची खात्री करून घ्यावी. दुखऱ्या हॅमस्ट्रिंगवर खेळणारा विंगर पहिली दहा पावले पळतो आणि अकराव्याला जपतो. बाहेरून बघणाऱ्याला तो आळस वाटतो.

किमतीचे गणित वेगळे. २०२४ च्या लिलावात प्रत्येक पुरुष संघाकडे ४ कोटी रुपये होते आणि चमू २४ जणांचा, म्हणजे खेळाडूमागे सरासरी साडेसोळा लाखांच्या आसपास. हरमनप्रीतला ७८ लाख मिळाले, संघाच्या पैशाचा जवळपास पाचवा हिस्सा. ड्रॅगफ्लिकरवर एवढा पैसा लावणाऱ्या संघाने कॉर्नर मिळवणारा विंगर सरासरीच्या आत मिळत असेल तर त्याला बिनदिक्कत कायम ठेवावे. दीडपट पडत असेल तर सोडून लिलावात पुन्हा बोली लावावी, पण पर्याय आधी हेरून ठेवूनच. ऐनवेळी विंगर शोधणारे संघ मधल्या फळीतला खेळाडू बाजूला ढकलतात आणि दोन जागा बिघडवून बसतात.

मुंबई-पुण्यातल्या क्लबांना आणि खात्यांच्या संघांना एवढा पैसा खेळवायचा नसतो, पण वही आणि मोबाइलवरचे चित्रण त्यांनाही परवडते. वीस मिनिटांच्या चाचणीवर मुलाचे वर्ष ठरवणे आता तरी थांबवावे, आणि ज्याला कमी केले त्याला ती वही समोर ठेवून कारण सांगावे.

आपला,
एक हॉकी प्रशिक्षक, खडकी, पुणे