टायर बदलायचा तो दोरे बघून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणीच्या बाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर पहाटे रोड बाइक, म्हणजे बारीक टायरच्या वेगवान सायकली, दिसू लागतात. याच दिवसांत सायकलच्या दुकानांत टायरच्या बाबतीत दोन उलट चुका होतात. लागोपाठ चार पंक्चर झाले म्हणून धडधाकट टायर फेकून दिला जातो, आणि फुगा आलेला टायर आतून गेटर (फाटक्या जागी ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये ठेवायचा तुकडा) टाकून आणखी महिनाभर पळवला जातो. पहिल्या चुकीत पैसे जातात, दुसरीत माणूस पडतो. म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

टायरची ताकद असते आतल्या नायलॉनच्या दोऱ्यांत. ट्यूब फक्त हवा धरते, तिचा दाब हे दोरे पेलतात आणि वरचे रबर दोऱ्यांना जपते. रोड बाइकच्या 25 मापाच्या (25 मिलिमीटर रुंद) टायरमध्ये साधारण 80 ते 100 पीएसआय हवा असते, आणि तो सगळा भार मिलिमीटरभर जाडीच्या कापडावर असतो. त्यामुळे टायर ठेवायचा की बदलायचा, हे पाहताना आधी विचारायचे ते एवढेच : दोरे शाबूत आहेत का?

आपल्याकडे पंक्चर होतात ते मुख्यतः बाभळीच्या आणि वेड्या बाभळीच्या काट्यांनी, सराट्यांनी, आणि महामार्गाच्या कडेला पडलेल्या, फुटलेल्या ट्रक टायरांच्या बारीक तारांनी. काटा दोरे सहसा तोडत नाही, बाजूला सारून आत शिरतो. अशी दहा छिद्रे असली तरी टायर बाद होत नाही. पंक्चर पुन्हा त्याच जागी होत असेल तर तार किंवा काट्याचे टोक टायरमध्येच अडकून राहिलेले असते. ते शोधण्यासाठी टायर बसवताना त्यावरचे नाव नेहमी व्हॉल्व्हच्या समोर आणावे. मग ट्यूबवरच्या छिद्रावरून टायरवरची जागा लगेच सापडते. आतून कापूस फिरवला की तारेला तंतू अडकतात. ती तार चिमट्याने काढावी. बोट फिरवू नये, कापते. छिद्र ट्यूबच्या रिमकडच्या अंगाला असेल तर दोष रिमवरच्या पट्टीचा आहे, आणि जवळजवळ दोन छिद्रे असतील तर हवा कमी असताना खड्ड्यात ट्यूब चिमटली आहे. या दोन्हींत टायर निर्दोष असू शकतो, पण चिमटलेल्या जागी टायरची बाजूही एकदा तपासावी.

काचेने किंवा खडीने पडलेली चीर मात्र नीट पाहावी लागते. हवा पूर्ण सोडा, टायर दोन्ही अंगठ्यांनी वाकवा, चीर उघडा आणि टोचणीने आतली माती काढा. तळाशी काळे रबरच दिसले तर टायर चालेल. हवे तर फेविक्विकचा एक थेंब सोडा. त्याने खडा आत घुसत नाही, पण ताकद काही येत नाही. तळाशी दोरे दिसले, पण अखंड असले, तर तो टायर पुढच्या चाकात ठेवू नये आणि दर राइडनंतर तपासावा. एक जरी दोरा तुटलेला, पिंजलेला दिसला तर टायर बदला. ओल्या रस्त्यावर काच रबरात सहज शिरते, त्यामुळे पावसाळा संपताच ही तपासणी एकदा व्हायलाच हवी.

चीर बाजूला, म्हणजे साइडवॉलला, असेल तर फार विचार करू नये. तिथे रबराचा थर नावापुरता असतो, चीर थेट दोऱ्यांपर्यंत जाते. काळ्या मातीवरच्या आपल्या रस्त्यांच्या कडा उन्हाळ्यात भेगाळतात, पावसात खचतात, आणि डांबर व साइडपट्टी यांत चांगलाच उंबरा तयार होतो. ट्रॉलीला वाट देऊन तिरक्या चाकाने पुन्हा वर चढताना हीच बाजू कापली जाते. दुसरे कारण घरातलेच. ब्रेकचे रबर एक-दोन मिलिमीटर वर बसले असेल तर ते दर ब्रेकला साइडवॉल घासते. टायरला गोलभर एकसारखी रेघ पडलेली दिसली तर नवा टायर घालण्याआधी ब्रेक सरळ करा, नाहीतर नव्याचीही तीच गत होईल.

सगळ्यांत धोकादायक असतो तो फुगा. हवा भरून चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे नजर ठेवा. एखाद्या जागी टायर बाहेर उचलला जात असेल तर रिमच्या काठालगतची टायरवरची बारीक रेघ पाहा. ती वर-खाली होत असेल तर टायर नीट बसलेला नाही. हवा सोडून पुन्हा बसवा. रेघ सगळीकडे सारखी असूनही फुगवटा असेल तर आत दोरे तुटले आहेत. असा टायर त्याच दिवशी काढावा. सकाळी 25 अंशांत भरलेली 100 पीएसआय हवा, टायर 45 अंशांपर्यंत तापला की 107-108 होते. त्यात मांजरसुंबा किंवा औट्रम घाटाचा उतार आणि रिमवरचे ब्रेक असतील तर उष्णता आणखी वाढते. तो टायर फुटायला उतारासारखी दुसरी वाईट जागा नाही.

गेटर हा घरी पोहोचण्यापुरताच उपाय आहे. तोही ट्यूबच्या तुकड्याचा नको, कारण रबर ताणले जाते आणि फटीतून बाहेर येते. जुन्या रोड टायरचा कापलेला तुकडा किंवा रिकाम्या टूथपेस्टची ट्यूब चालते. हवा थोडी कमी ठेवा आणि सावकाश जा.

झिजेबद्दल थोडक्यात : मागचा टायर आधी जातो, कारण वजन आणि जोर दोन्ही त्यावर असतात. गोल माथा सपाट झाला, किंवा झिजेची खूण म्हणून दिलेले बारीक खड्डे (काही टायरांवरच असतात) पुसले गेले, की बदला. माथ्यावर दोरे दिसेपर्यंत थांबू नये. नवा टायर पुढे लावा, पुढचा चांगला असेल तर मागे घ्या. मागचा फुटला तर सायकल बहुधा सावरता येते, पुढचा फुटला तर हँडलच हातात राहत नाही. उन्हाने साइडवॉलवर आलेल्या केसासारख्या भेगांनी घाबरू नका. त्यांतून दोरे दिसले तर मात्र टायर गेला. काठाची तार बाहेर डोकावत असेल तरीही तेच.

नवा टायर घेताना इंचावर जाऊ नका. आपल्याकडच्या साध्या सायकलीचा 28 बाय दीडचा टायर 635 मिलिमीटरच्या रिमचा असतो, रोड बाइकची रिम 622 ची. तो सैल बसेल आणि हवा भरताच निघेल. टायरवर 25-622 किंवा 28-622 असे छापलेले असते (आधी टायरची रुंदी, मग रिमचे माप, दोन्ही मिलिमीटरमध्ये), ते वाचा. 25 च्या जागी 28 घालायचा असेल तर फ्रेम आणि ब्रेकखाली जागा आहे का ते आधी पाहा. आपल्या रस्त्यांना 28 अधिक बरा, त्यात हवाही थोडी कमी लागते.

लोक गेटरवर दिवस काढतात त्यामागे बरेचदा गावात टायरच न मिळणे हे कारण असते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुकानदारांनी 622 चे दोन-चार टायर कायम ठेवावेत. आणि पंक्चर काढताना टायर आतून उलटून गिऱ्हाइकाला दाखवावा, दोरे कुठे तुटले ते बोटाने दाखवून मगच नवा घ्यायला सांगावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
सायकल दुरुस्तीच्या व्यवसायातील एक वाचक, लातूर